पाटीवर 'इमिग्रेशन कन्सल्टंट' लिहिण्याआधी

पत्र थोडक्यात देत आहे. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

"ताई, मी सांगलीची, वय ३१. बी.कॉम. झाल्यावर दोन-तीन किरकोळ नोकऱ्या केल्या आणि गेली चार वर्षं विश्रामबागच्या एका फॉरेन एज्युकेशन कन्सल्टन्सीत काउन्सेलर आहे. पगार १९ हजार, वर प्रत्येक ॲडमिशनमागे इन्सेन्टिव्ह. मुलांचे अर्ज, एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं निवेदन), व्हिसाची फाइल, सगळं मीच करते. सर पालकांशी बोलतात आणि फी घेतात. आता स्वतःचं ऑफिस टाकावंसं वाटतं. पुण्यातली एक संस्था तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स घेते, फी ८५ हजार, शेवटी 'इंटरनॅशनल सर्टिफाइड इमिग्रेशन कन्सल्टंट' असं सर्टिफिकेट. पुढे साडेचार लाखांत सांगली जिल्ह्याची फ्रँचायझी. माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, ते फंडातले पैसे द्यायला तयार आहेत. नवरा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला आहे, तो म्हणतो आधी खात्री करून घे. मुलगी पाच वर्षांची, त्यामुळे सांगली सोडणं शक्य नाही. कोर्स करू का?

"ता. क. दहा दिवसांपूर्वी एका मुलीची यूकेची फाइल लावली. पैसे कमी पडत होते म्हणून सरांनी ओळखीच्या माणसाकडून व्याजाने २१ लाख तिच्या वडिलांच्या खात्यात महिनाभर ठेवायला लावले होते. मी फक्त स्टेटमेंट अपलोड केलं. निकाल अजून यायचाय. पण मनातून जात नाही. स्वतःचं ऑफिस असेल तर असलं काही करावं लागणार नाही, हेही एक कारण आहे."

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी आधी ता. क. वाचलं. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईची ही सवय, कागदावरची खालची बारीक ओळ आधी बघायची. तिच्याकडे मी परत येणार आहे. पण तू विचारलंस ते कोर्सचं, म्हणून आधी तेच घेऊ.

'इंटरनॅशनल सर्टिफाइड इमिग्रेशन कन्सल्टंट' असा परवाना जगातला कुठलाही देश देत नाही. बाहेरून येणाऱ्यांबद्दलचा कायदा ज्या त्या देशाचा, आणि त्या कायद्यावर पैसे घेऊन सल्ला कुणी द्यायचा हेही ज्याचं त्यानेच ठरवलेलं. म्हणून त्या संस्थेला एकच प्रश्न विचार: हा कोर्स पूर्ण केल्यावर माझं नाव कुठल्या देशाच्या कुठल्या अधिकृत नोंदवहीत येईल? उत्तर फोनवर घेऊ नकोस, लेटरहेडवर लिहून माग. 'आमचं सर्टिफिकेट जगभर चालतं' असं उत्तर आलं, तर ते कुठेच चालत नाही असं समजून चाल. ते लोक लबाडच आहेत असं मी म्हणत नाही. तीन महिन्यांत ते तुला फॉर्म, चेकलिस्ट, पॉइंट मोजायची पद्धत नीट शिकवतीलही. पण हे काम तू चार वर्षं करतेच आहेस, आणि ती माहिती त्या त्या सरकारच्या वेबसाइटवर फुकट आहे. म्हणजे ८५ हजार जाणार आहेत ते पाटीवरच्या एका शब्दासाठी.

आता देशवार बघू. तुझ्यासारख्या अनेकींना याची नीट कल्पना कुणी दिलेली नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कॅनडापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे पालक आत येऊन बसले की पहिलं नाव अजून तेच निघतं. तिथल्या इमिग्रेशन कायद्याच्या ९१ व्या कलमानुसार या कायद्याखालच्या अर्जाबद्दल मोबदला घेऊन सल्ला देणं किंवा अर्जदाराच्या वतीने काम करणं फक्त ठरावीक लोकांनाच करता येतं: तिथल्या विधी संघटनांचे सदस्य असलेले वकील आणि पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी, आणि परवानाधारक कन्सल्टंट. हा परवाना देणारी संस्था म्हणजे 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'. नोव्हेंबर २०२१ पासून तिचं काम सुरू झालं. 'कॉलेज' या शब्दावर जाऊ नकोस, तिथे वर्ग भरत नाहीत. आपल्याकडे डॉक्टरांची कौन्सिल असते तशी ती नियंत्रण करणारी संस्था आहे. शिकायचं असतं किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट डिप्लोमाला, फ्रेंचमधून करायचं असेल तर माँट्रियल विद्यापीठात. मग कॉलेजची प्रवेश परीक्षा, इंग्रजी किंवा फ्रेंचचा वरचा दर्जा, चारित्र्याची तपासणी. आणि या सगळ्याबरोबर एक अट अशी, जी तुला पुण्याच्या त्या संस्थेने सांगितली नसणार: परवाना मागणारा माणूस कॅनडाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे पीआर असावा लागतो, नाहीतर तिथल्या कायद्याने नोंदलेला मूळ रहिवासी. सांगलीत राहून, पीआर नसताना, हा परवाना मिळत नाही. मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर पर्स उचल आणि उठून ये.

कॅनडाच्या फाइलमध्ये प्रतिनिधीचं नाव कळवायला वेगळा फॉर्म असतो, हे तुला माहीत असेल. तुमच्या ऑफिसातून जाणाऱ्या फाइलींना तो जोडलेला असतो का? की मुलाने स्वतःच अर्ज भरला असं दिसतं? लॉगिनला ईमेल कुणाचा, पासवर्ड कुणाच्या डायरीत? काम सगळं करायचं पण कागदावर कुठेच दिसायचं नाही, अशा माणसाला तिकडे 'घोस्ट कन्सल्टंट' म्हणतात. तुला दोष द्यायला हे विचारत नाही. पगारावरच्या माणसाला कामाची पद्धत ठरवता येत नाही, हे मला कळतं. पण उद्या पाटी तुझ्या नावाची लागणार आहे, तेव्हा आज हे प्रश्न तू स्वतःला विचारलेले बरे.

ऑस्ट्रेलियाचं चित्र साधारण तसंच. तिथे 'मायग्रेशन एजंट' म्हणून नोंदणी लागते, त्या कार्यालयाला लोक ओमारा म्हणतात. ऑस्ट्रेलियन मायग्रेशन कायद्याचा ग्रॅज्युएट डिप्लोमा, मग कॅपस्टोन नावाची पात्रता परीक्षा, आणि पुन्हा नागरिकत्वाची किंवा कायमच्या वास्तव्याची अट, न्यूझीलंडच्या काही नागरिकांना त्यातून सूट. यूकेत १९९९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती करणाऱ्या कार्यालयाचं नाव जानेवारी २०२५ मध्ये बदलून 'इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी' झालं. ती नोंदणी यूकेत बसून सल्ला देणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेत तर 'कन्सल्टंट' नावाचा परवानाच नाही. वकील, नाहीतर न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थांचे प्रतिनिधी, एवढेच.

आता जो दरवाजा तुझ्यासाठी खरोखर किलकिला आहे त्याबद्दल बोलू. न्यूझीलंड. तिथे २००७ चा इमिग्रेशन ॲडव्हायझर्सच्या परवान्याचा कायदा आहे आणि तो जगात कुठेही बसून न्यूझीलंडच्या इमिग्रेशनचा सल्ला देणाऱ्याला लागू होतो. म्हणजे विश्रामबागच्या ऑफिसालाही. देशाबाहेर राहून फक्त स्टुडंट व्हिसाबद्दल सल्ला देणाऱ्यांना तेवढी सूट आहे. पण त्याच मुलाच्या बायकोचा व्हिसा, पुढचा वर्क व्हिसा, रेसिडेन्स यांबद्दल बोललीस की परवाना हवा. आणि जो कायदा सगळ्या जगावर लागू केला, त्याचा परवानाही जगातल्या कुणालाही मागता येतो. नागरिकत्वाची अट नाही. टोई ओहोमाई नावाच्या तिथल्या शिक्षणसंस्थेचा न्यूझीलंड इमिग्रेशन ॲडव्हाइसचा ग्रॅज्युएट डिप्लोमा करावा लागतो. त्यानंतर आधी तात्पुरता परवाना मिळतो, आणि साधारण दोन वर्षं पूर्ण परवाना असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली काम करावं लागतं.

हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नकोस. शिक्षणाचा खर्च डॉलरमध्ये आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेतलं वाचून त्यावर लिहावं लागतं. देखरेख करायला तयार असणारा परवानाधारक सांगलीतून शोधायचा, हा माझ्या मते सगळ्यात उंच उंबरठा आहे. शिवाय आपल्या भागातून न्यूझीलंडला जाणारे तसे मोजकेच. तरीही तू खरोखर या पेशात शिरू म्हणत असशील, तर ८५ हजारांचा विचार करण्याआधी टोई ओहोमाईला एक ईमेल पाठव: भारतात राहून हा डिप्लोमा करता येईल का, इंग्रजीची अट काय, एकूण फी किती. आलेल्या उत्तराची प्रिंट काढ आणि नवऱ्यासमोर ठेव. त्याला जी खात्री हवी आहे ती अशीच मिळते.

आपल्या देशाचा कायदाही विसरून चालणार नाही. फ्रँचायझीवाले 'वर्क परमिट'चंही काम देतो म्हणतात का ते नीट विचार. नोकरीसाठी माणसं परदेशी पाठवणं म्हणजे भरती, आणि तिला १९८३ चा उत्प्रवासन कायदा लागतो. त्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे रिक्रूटिंग एजंट म्हणून नोंदणी हवी, सर्वसाधारणपणे ५० लाखांची बँक गॅरंटी हवी, आणि नोंदणी असली तरी उमेदवाराकडून सेवाशुल्क ३० हजार अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाही. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. उद्या नर्सिंगच्या मुली तुझ्याकडे येऊन विचारणार, 'मॅडम, गल्फला काही आहे का?' शॉप ॲक्टच्या कागदावर त्यांना 'आहे' म्हणून सांगता येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, ती त्यांना उघडून दाखव, तिथेच तुझं काम संपतं.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या एका गृहीताकडे वळते. आज करतेस त्याचीच पुढची पायरी म्हणजे इमिग्रेशन कन्सल्टंट, असं तू धरून चालली आहेस. मला ते दोन वेगळे धंदे वाटतात. आज तुमच्या ऑफिसाला मुख्य पैसे कोण देतं? कॉलेज देतं. मुलगा तिथे दाखल झाला की कमिशन येतं, त्यातलाच थोडा तुझा इन्सेन्टिव्ह. म्हणून ज्या कॉलेजशी करार तेच कॉलेज मुलासाठी 'बेस्ट' ठरतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. आठवून बघ, मेकॅनिकलच्या मुलाला हे तुमच्या ऑफिसात कुणी स्वतःहून सांगितलं का? शिक्षणाचे कागद खरे असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, वर्षभराच्या खर्चाची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, ठेवावी लागते, जर्मन शिकलेलं बरं, हे सगळं सांगायला तासभर जातो आणि हातात कमिशन काही येत नाही. परवानाधारक कन्सल्टंटचा हिशेब उलटा असतो. त्याला पैसे समोर बसलेला माणूस देतो, लेखी कराराने देतो, आणि फाइल होण्यासारखी नसेल तर तसं सांगण्याचेही तेच पैसे असतात.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला लांब जायला नको. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर गेली. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ कट्ट्यावर विट्याकडचा माणूस सापडतो. परमुलखात, भाषा येत नसताना, त्यांच्यावर लाखांचं सोनं कुणी कशावर सोपवलं? टंचावर, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या मापावर. गलाईवाल्याने सांगितलेला टंच खरा, एवढ्यावर दुकान चालतं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून त्याने दोन टंच जास्त सांगितले, तर त्या बाजारात त्याला दुसऱ्या दिवशी कुणी उभं करणार नाही. तुझ्यासमोर फाइल येईल तेव्हा तुलाही टंचच काढायचा आहे. शिक्षणात पाच वर्षांचा गॅप, बारावीला इंग्रजीत ४१ मार्क, घरात एक कर्ज आधीच चालू, असा मुलगा वडिलांना घेऊन समोर बसला की 'यंदा नको, आधी हे दोन करून ये' असं सांगता आलं पाहिजे. गेल्या चार वर्षांत असं किती जणांना सांगायची मुभा तुला होती? स्वतःचं ऑफिस टाकल्यावर, भाडं आणि फ्रँचायझीचा हप्ता डोक्यावर असताना, ती मुभा वाढेल की कमी होईल?

म्हणूनच 'स्वतःचं ऑफिस असेल तर असलं करावं लागणार नाही' हे वाक्य मला पटलं नाही. तुझ्या मनाबद्दल मला शंका नाही. पण साडेचार लाख वसूल व्हायचे असतात तेव्हा मालकिणीवर नोकरापेक्षा जास्त ताण असतो. तुझे सरही एकेकाळी कुणाच्या तरी ऑफिसात काउन्सेलर असतील.

एक गोष्ट सांगते. मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर असताना तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार बॅलन्स सर्टिफिकेट मागायला आले. मार्च महिना होता, बेदाण्याच्या शेडवरून थेट आलेले, हाताला गंधकाचा वास. खातं उघडलं तर वर्षभर कधी ६० हजारांच्या वर न गेलेल्या खात्यात तीन अनोळखी नावांवरून २२ लाख आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी काउंटरच्या काचेकडे बघितलं. आजच्या तारखेला एवढी शिल्लक आहे, हे खरं होतं. मी शिक्का मारला, सही केली, दाखला दिला. दोन महिन्यांनी ते पुन्हा आले, हातात प्लास्टिकची पिवळी फाइल. 'मॅडम, एवढं वाचून सांगा, पोरगं काही नीट सांगत नाही.' व्हिसा नाकारल्याचं पत्र होतं. खात्यात अलीकडे मोठ्या रकमा आल्या आहेत, त्यांचा उगम दाखवलेला नाही, शिक्षणाचा खर्च झेपेल याबद्दल समाधान झालेलं नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी. मी मराठीत सांगितल्या. त्यांनी विचारलं, 'म्हणजे पुढच्या इनटेकला (प्रवेशाच्या सत्राला) जमेल ना?' मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. पैसे महिना तीन टक्क्यांनी होते. दोन महिन्यांचं व्याज एक लाख बत्तीस हजार, ते बागेच्या उचलीतून गेलं होतं. एजंटाची फी वेगळी.

मी त्या दिवशी काही खोटं केलं नव्हतं. मी फक्त सही केली होती. तुझ्या ता. क. मधला 'फक्त' वाचला आणि मला तो काउंटर आठवला. विचारायला हवं होतं, 'दादा, हे पैसे तुमचे आहेत का?' एवढंच. त्याऐवजी कर्जाचा फॉर्म पुढे सरकवला असता, तर तारण ठेवण्याइतकी जमीन त्या घरात होती. पैसे खऱ्या मार्गाने उभे राहिले असते.

आता तुझ्या हाती काय आहे ते सांगते. एकदम सगळं करायचं नाहीये.

कोर्स आणि फ्रँचायझी या वर्षी नको. वडिलांना मीच सांगितलं म्हणून सांग. शिक्षकाच्या फंडाचे पैसे म्हातारपणाच्या औषधपाण्याचे असतात. ते फ्रँचायझीवाल्यांच्या 'सांगलीत अजून कुणाकडे नाही' असल्या वाक्यावर लावण्यासारखे नाहीत. तरीही मन ओढतच असेल, तर फ्रँचायझीच्या कराराचा मसुदा आधी माग आणि वकिलाकडून वाचून घे. एखाद्या मुलाची फाइल नाकारली गेली आणि तो ग्राहक आयोगात गेला तर जबाबदारी कुणाची, दुकान बंद केलं तर किती पैसे परत, मुलांची माहिती कुणाच्या मालकीची, एवढी तीन कलमं शोधायला सांग. मसुदा देत नसतील तर विषय तिथेच मिटला.

शिकायचं असेल तर आधी फुकटचं संपव. यूकेसाठी ब्रिटिश कौन्सिल एजंट आणि काउन्सेलरांना मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. ऑस्ट्रेलियासाठी पिअर नावाच्या संस्थेचा एज्युकेशन एजंटांसाठीचा अभ्यासक्रम आहे, शिकणं मोफत, परीक्षेला फी. यातला कुठलाही इमिग्रेशनचा परवाना नव्हे, आणि ते लोक तसं म्हणतही नाहीत. पण प्रवेशाचं काम प्रामाणिकपणे करणाऱ्या माणसाला हे पुरेसं भांडवल आहे. त्याबरोबर रोज एक नकारपत्र वाच. तुमच्या ऑफिसात जुन्या फाइलींचा गठ्ठा असेलच. मुलाचं नाव वगळून कारण एका वहीत उतरवून काढ, आणि समोर लिही की पहिल्या दिवशी आपण त्याला काय सांगायला हवं होतं. सहा महिन्यांत ती वही कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा तुझ्या जास्त कामाची होईल.

नोकरी बदलायची तर कॅनडातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या परवानाधारकाच्या हाताखाली केस असिस्टंटचं काम शोध. कागद गोळा करणं, तपासणं, अर्जदाराकडून राहिलेलं मागवणं, अशी कामं घरून करता येतात. सल्ला आणि सही त्याची, शिस्त तुला शिकायला मिळते. काम स्वीकारण्याआधी त्याचा परवाना क्रमांक त्या देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत स्वतः शोधून बघ. वकिलीची आवड असेल तर सांगलीत लॉ कॉलेज आहे. पदवीनंतरची तीन वर्षांची एलएल.बी. कॅनडाचा परवाना देणार नाही, पण करार, प्रतिज्ञापत्र, पुरावा यांकडे बघायची नजर देईल. मुलगी शाळेत जायला लागली की हा विचार जरूर कर. ३१ वय म्हणजे उशीर झाला, हे मनातून काढून टाक.

आणि दोन वर्षांनी स्वतःचं ऑफिस टाकशील तेव्हा पाटीवर 'प्रवेश मार्गदर्शन' असं साधं लिही. फी भिंतीवर लाव. कुठल्या कॉलेजकडून कमिशन येतं ते पालकांना आधीच सांग. लॉगिन मुलाच्या ईमेलने, पासवर्ड मुलाकडे, भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत मुलाच्या हातात. व्हिसाच्या कायद्याचा प्रश्न आला की परवानाधारकाचं नाव दे आणि मुलाला त्याच्याशी थेट करार करू दे. हे वाचणाऱ्या पालकांनीही एवढं मागून घ्यावं. जो एजंट अर्जाची प्रत देत नाही, त्याने अर्जात काय लिहिलंय हे तुमच्या मुलाला विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर कळतं. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं प्रवेश बंद, आणि ती शिक्षा अर्जदाराला होते. फॉर्म भरणाऱ्याचं नाव तिथे कुठेच नसतं.

सध्याच्या नोकरीत एक रेघ मात्र आजच ओढ. सरांना व्हॉट्सॲपवर, म्हणजे लेखी, कळव की यापुढे पैशांचा उगम स्पष्ट नसलेली स्टेटमेंट्स आणि खोटी अनुभवपत्रं मी अपलोड करणार नाही. नोकरी जाईल अशी भीती वाटेल, आणि ती जाऊही शकते. म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून, नवऱ्याशी बोलून मगच पाठव, पण पाठव. उद्या कुठल्याही देशाच्या परवान्यासाठी अर्ज केलास तर चारित्र्य तपासलं जातं. तुझ्यावर ठपका आला, तर 'सरांनी सांगितलं होतं' हे तिथे कारण होत नाही.

राहिली ती यूकेच्या फाइलची मुलगी. यूकेचा नियम आहे की पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत. सरांनी महिना मोजला तो यासाठीच. पण होम ऑफिस, म्हणजे यूकेचं गृहखातं, बँकेकडे चौकशी करू शकतं, मुलीची मुलाखत घेऊ शकतं, आणि 'हे २१ लाख कुठून आले' या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसेल. फसवणूक केल्याचा शेरा बसला तर पुढची दहा वर्षं तिचे अर्ज त्यावर नाकारले जाऊ शकतात. निकाल यायचा आहे म्हणजे अजून वेळ आहे. अर्ज मागे घेता येतो. फी बुडू शकते, कदाचित इनटेक जाईल. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र यूकेला चालतं आणि त्याला २८ दिवसांची अटही नाही, हे त्या घराला बहुधा कुणी सांगितलेलंच नाही. शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करायला त्यांना बसव.

अर्ज मागे घ्यायचा की दुरुस्ती कळवायची, हे मात्र तू सांगू नकोस, आणि मीही सांगणार नाही. त्यासाठी यूकेतला नोंदणीकृत सल्लागार किंवा सॉलिसिटर गाठायचा. बऱ्याच जणांशी तासाभराची ऑनलाइन भेट ठरवता येते, फी बोलायच्या आधी विचारून घ्यायची. नोंदवही ऑनलाइन आहे, नाव तपासायला तिला मदत कर. तुझ्या वाट्याला एवढंच आहे की काय झालं आणि त्याने काय होऊ शकतं, ते तिला खरं सांगायचं. फोन आधी मुलीला कर, वडिलांना नंतर. पासपोर्ट तिचा आहे.